तिथीच माहीत नाही, मग स्मरण कधी करायचं? ज्यूंचा 'योम हाशोआ' समजून घेताना

दर वर्षी एप्रिल-मेच्या सुमारास तो व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पुन्हा उगवतो. तेल अवीवचा हमरस्ता, सकाळचे १०. भोंगा वाजायला लागतो आणि भरधाव गाड्या जिथल्या तिथे थांबतात. माणसं दार उघडून बाहेर येतात, रस्त्यातच उभी राहतात. दोन मिनिटांनी भोंगा थांबतो, दारं लागतात, वाहतूक पुन्हा सुरू. खाली कोणीतरी लिहितो, 'याला म्हणतात देशभक्ती!' दुसरा विचारतो, 'हा दिवस जानेवारीत असतो ना?' तिसरा म्हणतो, 'गेल्या वर्षी तर तारीख वेगळी होती.'

तिसऱ्याचं निरीक्षण बरोबर आहे. दुसऱ्याच्या मनातला जानेवारीतला दिवस वेगळा आहे, त्याबद्दल पुढे येईलच. पहिल्याचं निम्मं चुकलेलं आहे, कारण हा दिवस देशाच्या सैनिकांचा नाही. त्यांचा दिवस आठवड्याभराने वेगळा येतो. हा 'योम हाशोआ', नाझी जर्मनीने मारलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंच्या स्मरणाचा दिवस. या संहाराला हिब्रूत 'शोआ' आणि इंग्रजीत 'होलोकॉस्ट' म्हणतात. इस्रायलमध्ये तो सरकारी पातळीवर पाळतात आणि जगभरातले ज्यू समाज आपापल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, किंवा सभागृहात एकत्र जमून पाळतात. तारीख का हलते, दोन-दोन दिवस का आहेत, तिथे जमून लोक नेमकं करतात काय आणि काही कर्मठ ज्यू तो दिवस मानतच का नाहीत, हे एकेक करून पाहू.

मुळात झालं काय

हा इतिहास बऱ्याच जणांना ढोबळ माहीत असतो, म्हणून थोडक्यात. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. १९३५च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी जर्मन ज्यूंचं नागरिकत्व गेलं. १९३९ साली पश्चिम पोलंड जर्मनीच्या ताब्यात आला आणि तिथले ज्यू शहरांतल्या कोंडवाड्यांमध्ये, म्हणजे घेट्टोंमध्ये, डांबले गेले. जून १९४१मध्ये जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला. सैन्यामागोमाग चालणाऱ्या तुकड्या गावोगावच्या ज्यूंना बाहेर काढून गोळ्या घालू लागल्या. कीव शहराजवळच्या बाबी यार नावाच्या घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ माणसं मारली गेली. हा आकडा मारणाऱ्यांनीच आपल्या अहवालात नोंदवलेला आहे. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वान्झे इथे वेगवेगळ्या खात्यांचे वरिष्ठ अधिकारी बैठकीला बसले आणि सगळ्या युरोपातल्या ज्यूंच्या संहाराचं काम कोणत्या खात्याने कसं करायचं ते ठरवलं. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक आणि ऑशवित्झ या छावण्यांमध्ये विषारी वायूने माणसं मारणं सुरू झालं.

एखादा मानवसमूह, तो समूह आहे म्हणूनच, पूर्णपणे किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेला गुन्हा म्हणजे वंशसंहार. त्यासाठी आज कायद्यात वापरला जाणारा 'जेनोसाइड' हा शब्द १९४४ साली राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू वकिलाने घडवला. त्याचे स्वतःचे ४९ नातलग या संहारात गेले. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्धचा करार मंजूर केला. भारताने त्यावर १९४९मध्ये सही केली आणि १९५९मध्ये तो अधिकृतपणे स्वीकारला.

मेलेल्याची तिथी लागते

आता खरी अडचण. ती मराठी माणसाला चटकन कळते, कारण आपल्याकडेही तिथीशिवाय पान हलत नाही.

ज्यू घरात कोणी गेलं की दर वर्षी त्या तिथीला स्मरण होतं. तारखेने नव्हे, तिथीने. हिब्रू पंचांग आपल्यासारखंच चांद्र महिन्यांचं आहे. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत ७ वेळा त्यातही अधिक महिना येतो. त्यामुळे इंग्रजी कॅलेंडरवर सगळे ज्यू सण पुढेमागे होतात, गणपती होतात तसेच. वार्षिक तिथीच्या आदल्या संध्याकाळी घरात २४ तास जळेल असा दिवा लावतात (त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो) आणि मुलगा सिनेगॉगमध्ये जाऊन 'कद्दिश' म्हणतो. कद्दिश ही अरामी भाषेतली प्रार्थना आहे. मृत माणसासाठी म्हणतात, पण तिच्यात मृत्यूचा उल्लेखच नाही, सगळी ईश्वराची स्तुती. शिवाय ती एकट्याने म्हणता येत नाही. किमान दहा प्रौढ ज्यू हजर हवेत, कर्मठांच्या मते दहा पुरुष. ऐकणारे 'आमेन' म्हणतात, तेव्हा ती पूर्ण होते.

म्हणजे स्मरणाला तीन गोष्टी हव्यात: तिथी, म्हणणारा वारस आणि भोवती समाज. शक्य असेल तर कबरही, जिच्यावर लहानसा दगड ठेवता येतो.

ट्रेब्लिंकात सुमारे ९ लाख माणसं मारली गेली. बहुतेक जण गाडीतून उतरल्यावर काही तासांत. प्रेतं जाळली, राख जमिनीत गाडली, छावणी मोडून वरून शेत केलं. कोणाची तिथी कोण लिहून ठेवणार? आई-वडील, मुलं, काका, मामा सगळे एकाच गाडीतून गेलेले. मग कद्दिश म्हणायला मागे कोण उरलं? पोलंडमध्ये युद्धाआधी सुमारे ३३ लाख ज्यू होते, त्यातले जवळजवळ ३० लाख गेले. कित्येक गावांत दहा माणसं जमवायची म्हटली तरी जमली नसती.

जे वाचले त्यांनी आपापल्या परीने वाट काढली. काहींनी घरच्यांना शेवटचं पाहिलं तो दिवस तिथी मानला. १९४४च्या उन्हाळ्यात हंगेरीतून ऑशवित्झला नेलेल्यांच्या मुलांनी गाडी छावणीत पोचली तो दिवस धरला. एकाच गावचे लोक न्यूयॉर्क, ब्युनॉस आयरीस, तेल अवीव असे जिथे फेकले गेले तिथे त्यांनी गावकऱ्यांची मंडळं काढली. गावातला घेट्टो रिकामा केला गेला त्या तिथीला ही मंडळी दर वर्षी एखादं सभागृह भाड्याने घेऊन जमायची, दिवे लावायची, कद्दिश म्हणायची. मग चहा आणि गावच्या गप्पा. त्यांनी गावांचे स्मृतिग्रंथही छापले, बहुतेक यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) आणि हिब्रूत. त्यात आठवणीने काढलेले नकाशे असायचे. बाजार कुठे, विहीर कुठे, कोणत्या गल्लीत कोणाचं दुकान. सरकारी कार्यक्रम नंतर आले. सामुदायिक स्मरणाची पद्धत या गावकऱ्यांच्या सभांमधून वर आली आहे, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी सांगितलं जाणारं.

तारखेवरून भांडण

गावोगावच्या तिथ्या वेगळ्या, मग सगळ्यांची मिळून एक कोणती?

इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने उत्तर दिलं १० तेवेत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत येणारा एक जुना उपवासाचा दिवस. बाबिलोनच्या राजाने जेरुसलेमला वेढा घातला त्याची आठवण म्हणून तो शतकानुशतकं पाळला जातो. ज्यांच्या मृत्यूची तिथी माहीत नाही त्या सगळ्यांसाठी त्या दिवशी कद्दिश म्हणावी, असं ठरलं. जानेवारी १९४९मध्ये ते पहिल्यांदा पाळलं गेलं. आपल्याकडे तिथी माहीत नसलेल्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करतात, तोच विचार. कर्मकांड अर्थातच वेगळं.

पण नव्या देशाच्या धर्मनिरपेक्ष नेतृत्वाला हे पटेना. त्यांना आठवत होता वॉर्सा घेट्टोचा उठाव. या घेट्टोत एके काळी चार लाखांहून जास्त माणसं कोंबलेली होती. १९४२च्या उन्हाळ्यात त्यातल्या सुमारे २,६५,००० जणांना ट्रेब्लिंकाला नेलं. उरलेल्यांतल्या तरुणांनी चोरून पिस्तुलं जमवली, घरगुती बाँब केले, तळघरं खणली. १९ एप्रिल १९४३ला जर्मन सैन्य शेवटची धरपकड करायला आत शिरलं, तेव्हा त्यांनी गोळीबार केला. म्होरक्या मोर्देखाय अनिएलेविच विशीतला. उठाव जवळजवळ महिनाभर चालला. शेवटी जर्मनांनी एकेक घर पेटवत घेट्टो बेचिराख केला आणि १६ मे रोजी शहरातलं मोठं सिनेगॉग सुरुंगाने उडवून विजय साजरा केला.

मग १९ एप्रिलच्या तिथीलाच दिवस का नाही पाळायचा? कारण ती तिथी १४ निसान होती, पेसाख सणाची पूर्वसंध्या. पेसाख हा इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा मोठा सण. त्या रात्री घरोघर पंगत असते, शोक करणं शास्त्राला मान्य नाही. सण आठवडाभर चालतो, म्हणून दिवस आणखी पुढे ढकलला. १२ एप्रिल १९५१ रोजी इस्रायली संसदेने २७ निसान ही तिथी ठरवली. हा ठराव पुढे नेण्यात रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोर्देखाय नुरोक यांचा मोठा वाटा होता. त्यांची बायको आणि दोन मुलगे लॅटव्हियात मारले गेले होते. १९५९मध्ये कायदा झाला. दोन मिनिटांची स्तब्धता आणि सार्वजनिक पाळणूक त्यातून आली. आदल्या रात्री करमणुकीची ठिकाणं बंद ठेवण्याचा नियम १९६१चा.

२७ निसान शुक्रवारी आली तर दिवस गुरुवारी पाळतात, म्हणजे शनिवारच्या धार्मिक विश्रांतीत व्यत्यय नको. रविवारी आली तर सोमवारी पाळतात, कारण शनिवारी संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी शनिवारी दिवसा करता येत नाही. म्हणून २०२४ला हा दिवस ६ मे रोजी आला, २०२५ला २४ एप्रिलला, २०२६ला १४ एप्रिलला. २०२७ला तो ४ मे रोजी येईल.

तडजोड म्हणजे कोणाचंच पूर्ण समाधान नाही. कर्मठ ज्यूंचा मोठा गट आजही म्हणतो, निसान हा आनंदाचा महिना, त्यात सार्वजनिक शोक नको. भोंगा वाजवून स्तब्ध उभं राहणं ही तर परक्यांची पद्धत, आपली पद्धत स्तोत्र म्हणण्याची. भोंगा वाजत असताना चालत राहिलेल्या काळ्या कोटातल्या एखाद्या कर्मठ ज्यूचा फोटो दर वर्षी छापून येतो आणि दर वर्षी वाद होतो. त्या माणसाच्या घरातलेही कदाचित ऑशवित्झमध्ये गेलेले असतात आणि तो १० तेवेतला त्यांच्यासाठी कद्दिश म्हणत असतो. फोटोखालच्या शिव्यांमध्ये हे कोणी विचारात घेत नाही.

मग २७ जानेवारी काय आहे?

तो वेगळा दिवस. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्याने ऑशवित्झची छावणी मुक्त केली. १ नोव्हेंबर २००५ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ती तारीख जागतिक स्मरणदिन म्हणून जाहीर केली. तो सगळ्या देशांनी पाळायचा आहे, वकिलाती आणि शाळा पाळतात. न्यूयॉर्कच्या यिडिश बोलणाऱ्या मंडळींची आणखी तिसरीच रीत. ती १९ एप्रिलला, इंग्रजी तारखेनेच, रिव्हरसाइड पार्कमध्ये १९४७ साली बसवलेल्या एका दगडाभोवती जमतात. खुद्द वॉर्सातही १९ एप्रिललाच लोक कागदी पिवळी डॅफोडिल छातीवर लावून फिरतात. उठावाच्या नेत्यांपैकी अखेरपर्यंत हयात राहिलेले मारेक एडेलमन दर वर्षी स्मारकापाशी पिवळी फुलं ठेवायचे. २००९मध्ये ते गेले, त्यानंतर ती प्रथा शहराने उचलली.

नावात 'शौर्य' कशाला?

इस्रायली कायद्यात या दिवसाचं पूर्ण नाव 'शोआ आणि शौर्य स्मरणदिन' असं आहे. १९५०च्या दशकात तिथे वातावरण असं होतं की लढून मेलेल्यांचा अभिमान, बाकीच्यांबद्दल अवघडलेपण. छावण्यांमधून वाचून आलेल्यांना 'तुम्ही प्रतिकार का केला नाहीत?' असं सरळ विचारलं जायचं. त्यामुळे वाचलेले गप्प बसले. आपल्या मुलांशीही बोलेनात.

१९६१च्या आइकमन खटल्याने हे बदललं. ज्यूंची युरोपभरातून छावण्यांकडे वाहतूक आखणारा अॅडॉल्फ आइकमन अर्जेंटिनात सापडला, त्याला जेरुसलेमला आणून खटला चालवला. शंभराच्या वर साक्षीदार उभे राहिले. खटला रेडिओवर घरोघर ऐकला गेला. उपाशी पोराला भाकरीचा तुकडा पोचवणं, लपून शाळा चालवणं, अन्याय लिहून ठेवणं यालाही काही नाव असावं, हे तेव्हा कुठे समाजाच्या गळी उतरलं. 'शौर्य' नावात राहिलं, पण त्याची व्याप्ती वाढली.

सभेत नेमकं काय होतं

इस्रायलमध्ये मुख्य कार्यक्रम आदल्या संध्याकाळी जेरुसलेमच्या याद वाशेम या राष्ट्रीय स्मारकात होतो. शोआतून वाचलेले सहा जण सहा मशाली पेटवतात, ६० लाखांसाठी सहा. इतर ठिकाणी मशालींच्या जागी मेणबत्त्या. लंडन, सिडनी, मुंबई, कुठेही गेलात तरी साचा साधारण तोच: दिवे, मृतांच्या आत्म्यासाठी 'एल माले राखामीम' ही प्रार्थना, कद्दिश, कोणाची तरी साक्ष आणि नावांचं वाचन.

नावांचं वाचन बाहेरच्या माणसाला कंटाळवाणं वाटू शकतं. व्यासपीठावर एकेक जण येतो, यादीतली पाच-दहा नावं वाचतो: नाव, वय, गाव. कधी शेवटी 'माझी आजी' असं जोडतो आणि खाली उतरतो. भाषण नाही, टाळ्या नाहीत. नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क या जुन्या छावणीच्या जागी तिथून नेलेल्या १,०२,००० जणांची नावं वाचतात, तेव्हा पाच-सहा दिवस अहोरात्र वाचन चालतं. त्या यादीत ज्यूंबरोबर रोमा-सिंती, म्हणजे ज्यांना पूर्वी 'जिप्सी' म्हणत त्या समाजाचीही नावं आहेत.

ही नावं येतात कुठून? याद वाशेमने १९५०च्या दशकात एक छापील फॉर्म काढला. एकच पान. आडनाव, माहेरचं आडनाव, नाव, जन्माचं गाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, जोडीदाराचं नाव, धंदा, युद्धात कुठे होते, कुठे आणि कसे गेले. एका कोपऱ्यात फोटोची चौकट. खाली भरणाऱ्याचं नाव, पत्ता, सही आणि 'मृताशी नातं'. भरलेले फॉर्म पाहिले की रिकामे रकाने जास्त बोलतात. जन्मतारखेच्या जागी 'अंदाजे १९३५'. पहिलं नाव कोरं, नुसतं 'बाळ'. धंद्याच्या रकान्यात 'मूल'. नात्याच्या रकान्यात कधी 'मुलगी', कधी 'पुतण्या', पण कधी 'शेजारी' किंवा 'वर्गमैत्रीण'. म्हणजे घरातलं कोणीच उरलं नाही, बाकावर शेजारी बसणारीने साठ वर्षांनी आठवून नाव लिहिलं. असे २५ लाखांहून जास्त फॉर्म आहेत. त्यांत जर्मन कागदपत्रं, वाहतूक याद्या यांची भर घालून आजवर सुमारे ५० लाख नावं जमली आहेत.

उरलेली १० लाख? युक्रेन आणि बेलारूसच्या खेड्यांत गोळ्या घातल्या तेव्हा कोणी यादी केली नव्हती. लहान मुलं, तान्ही बाळं, आणि ज्या घरात सांगायला कोणीच वाचलं नाही ती अख्खी घरं. कद्दिश म्हणायला वारस नाही, तर जमलेला समाज वारसाच्या जागी उभा राहतो. ही सभा भरते ती त्यासाठी.

नावं ५० लाख, मग ६० लाख हा आकडा कशावरून?

हा प्रश्न दोन प्रकारचे लोक विचारतात. ज्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं ते, आणि ज्यांना 'बघा, अतिशयोक्ती' म्हणायचं असतं ते. दोघांना उत्तर एकच.

इतिहासकार वेगवेगळ्या वाटांनी त्या आकड्यापाशी पोचले आहेत. युद्धाआधीच्या आणि नंतरच्या लोकसंख्येची तुलना ही एक वाट. दुसरी वाट नाझींच्या स्वतःच्या हिशोबाची. १९४३च्या सुरुवातीला पाठवलेल्या एका सांकेतिक तारेत ट्रेब्लिंका, बेल्झेक, सोबिबोर आणि लुब्लिन इथे १९४२ अखेरपर्यंत आणलेल्यांची बेरीज १२,७४,१६६ दिली आहे. ब्रिटिशांनी ती तार तेव्हाच पकडली होती, पण तिचा अर्थ अनेक दशकांनी लागला. लिथुएनियातल्या एका तुकडीप्रमुखाने दिवसवार तक्ता ठेवून एकूण १,३७,३४६ असा आकडा लिहिला. तिसरी वाट बळींनीच लिहून ठेवलेल्या कागदांची. इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने वॉर्सा घेट्टोत गुपचूप एक मंडळ जमवलं. डायऱ्या, रेशनकार्डं, मुलांचे निबंध, भिंतींवरच्या नोटिसा, जे मिळेल ते गोळा केलं आणि पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरलं. १९४६ आणि १९५० साली त्यातला बराच भाग ढिगाऱ्याखाली सापडला. तो पुरणारे बहुतेक सगळे तोवर मारले गेले होते, रिंगेलब्लुमही.

युद्धात इतरही मेले, मग ज्यूंचंच का?

आक्षेप रास्त आहे. नाझींनी लाखो सोव्हिएत युद्धकैदी उपासमारीने मारले, पोलिश नागरिक मारले, अपंग आणि मनोरुग्ण मारले, समलिंगी पुरुषांना छावण्यांत डांबलं. रोमा-सिंती समाजाचे किमान अडीच लाख लोक मारले गेल्याचा अंदाज आहे. त्यांचा संहार वंश म्हणूनच झाला, पण त्याची दखल घ्यायला जगाने फार उशीर केला. त्यांचा स्मरणदिन २ ऑगस्टला असतो, कारण १९४४च्या त्या रात्री ऑशवित्झमधली त्यांची वस्ती संपवली गेली.

ज्यूंचा दिवस ज्यूंचा आहे, कारण तो मुळात त्यांच्या घरचा शोक आहे. आपल्या आजोबांचं श्राद्ध आपण करतो, तेव्हा शेजाऱ्याच्या आजोबांचा अपमान होत नाही. २७ जानेवारीच्या जागतिक कार्यक्रमांत मात्र इतर बळींचा उल्लेख व्हायलाच हवा, आणि हल्ली तो बऱ्याच ठिकाणी होतो. रवांडा, बोस्नियाच्या संहारातून वाचलेल्यांनाही बोलावतात.

आणि गाझा?

हा प्रश्न टाळून आज या विषयावर लिहिणं म्हणजे वाचकाच्या डोळ्यांत धूळ फेकणं. ७ ऑक्टोबर २०२३चा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझातलं युद्ध यामुळे स्मरणाच्या सभाही वादात ओढल्या गेल्या. १० मार्च २०२४ रोजी अॅम्स्टरडॅममध्ये राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इस्रायलचे अध्यक्ष हर्झोग आले होते. बाहेर निदर्शनं सुरू होती आणि निदर्शकांत ज्यूही होते. दक्षिण आफ्रिकेने २९ डिसेंबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयात इस्रायलवर खटला भरला, तो १९४८च्या त्याच वंशसंहारविरोधी कराराखाली. २६ जानेवारी २०२४ला न्यायालयाने पॅलेस्टिनींच्या संरक्षणासाठी अंतरिम आदेश दिले. मूळ आरोपावर तो निकाल नव्हता आणि इस्रायल आरोप साफ नाकारतो.

माझं मत सांगतो. १९४३मध्ये ट्रेब्लिंकात गेलेल्या शिंप्यावर आजच्या कोणत्याही सरकारच्या कृत्याची जबाबदारी येत नाही, आणि त्याचं नाव पुढे करून कोणत्याही सरकारला सूट मागता येत नाही. जानेवारी २०२५मध्ये ऑशवित्झ मुक्तीला ८० वर्षं झाली, तेव्हा आयोजकांनी राजकीय नेत्यांना भाषणं करू दिली नाहीत. राजे, राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान समोर श्रोते म्हणून बसले आणि वाचलेले लोक बोलले. हा पायंडा मला आवडला, पण तो फार वर्षं टिकणार नाही. २०२४च्या सुरुवातीच्या एका मोजणीनुसार जगात शोआतून वाचलेले साधारण २,४५,००० ज्यू हयात होते आणि बहुतेक जण ऐंशीच्या पुढचे. म्हणून इस्रायलमध्ये २०११च्या सुमारास घराच्या दिवाणखान्यात वीस-पंचवीस जणांनी बसून एकाची हकिकत ऐकायची चळवळ सुरू झाली, आणि आता वाचलेल्यांच्या जागी त्यांची मुलं-नातवंडं बोलू लागली आहेत.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

थेट संबंध थोडा आहे, पण आहे. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपले पेणकर, किहीमकर, नवगावकर, या संहारापासून हजारो मैल दूर होते. त्यांच्या घरांतलं कोणी छावण्यांत गेलं नाही. त्यांच्यातले बहुसंख्य पुढे इस्रायलला गेले, दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा गावांत वसले. तिथे मराठी बोलणाऱ्या आज्या नातवंडांबरोबर भोंग्याला उभ्या राहतात. दुःख घरचं नाही, पण समाज तोच, त्यामुळे ते पत्करलेलं आहे.

दुसरा धागा मुंबईचा. हिटलर आल्यावर युरोपातून काही ज्यू इथे आले. त्यांच्या मदतीसाठी १९३४ साली मुंबईत 'ज्यूइश रिलीफ असोसिएशन' निघाली. आकाशवाणीची सकाळची ओळखधून सहसा ज्याच्या नावावर सांगितली जाते तो वॉल्टर काउफमान त्यांच्यातलाच. गंमत म्हणा की क्रूर थट्टा, १९३९मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रजांनी जर्मन पासपोर्टवाल्या ज्यू निर्वासितांनाही 'शत्रुदेशाचे नागरिक' म्हणून अटक केली. काही जण अहमदनगरच्या छावणीत होते, काही कुटुंबं सातारा आणि पुरंदरला. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणी मात्र वेगळी. तिथले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित बहुतांशी कॅथलिक होते आणि त्यांना सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलं होतं. या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते.

तिसरा धागा तितका अभिमानाचा नाही. 'या देशाला एक हिटलरच पाहिजे' हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या मांडवात सहज ऐकू येतं. २००६ साली खारघरमध्ये 'हिटलर्स क्रॉस' नावाचं हॉटेल उघडलं होतं. मुंबईतल्या ज्यू समाजाने विरोध केला आणि काही दिवसांत नाव बदललं. मालकाने मुद्दाम कोणाला दुखवायला ते ठेवलं असेल असं नाही. हिटलर म्हणजे शिस्त, एवढंच आपल्याकडे पोचलं आहे.

अशा सभेला जायचं असेल तर

बाहेरच्यांना मज्जाव नसतो, पण आधी विचारून जावं. पुरुषांनी डोकं झाकायचं. टोपी नसेल तर दाराशी किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी, मिळते. मोबाइल बंद ठेवायचा. फोटो काढायचे असतील तर विचारायचं, सिनेगॉगमध्ये शनिवारी मुळीच नाही. कद्दिश चालू असताना उभं राहायचं, 'आमेन' म्हटलं नाही तरी चालतं. कार्यक्रम संपल्यावर शुभेच्छा वगैरे द्यायच्या नाहीत. मुंबईतल्या सिनेगॉगबाहेर पोलीस असतात, ओळखपत्र पाहतात, तेव्हा आधार किंवा तसलं काही जवळ ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं हाताशी धरून निघा.